पोतदार सरांची पट्टी

"रेघ मोडली," सर म्हणाले आणि त्यांची पट्टी ज्योत्स्नाच्या पाठीवर टेकली. "मान नको ओढू. इथून वाक."

ज्योत्स्ना डुबल माझ्या उजव्या हाताला होती. पाय लांब करून बसायचं, पुढं वाकून पायांचे अंगठे धरायचे आणि कपाळ गुडघ्याला लावायचं, असं पश्चिमोत्तानासन चाललं होतं. पट्टी टेकल्याबरोबर तिची पाठ चादरीची घडी घालावी तशी खाली गेली. सरांची पावलं पुढं सरकली. आता माझी पाळी होती. मी श्वास सोडला, जमेल तेवढी वाकले आणि वाट बघत राहिले.

पावलं माझ्या सतरंजीच्या कडेशी थांबली. डोळे मिटलेले असले तरी सर वरून बघताहेत हे मला कळत होतं. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मग पावलं निघाली आणि पट्टी माझ्या डावीकडच्या बाईंच्या खांद्यावर टेकली.

"इथं सैल सोडा," सर त्यांना म्हणाले.

हे असं वर्षभर चाललं होतं.

पोतदार सर कराडातल्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. आम्हा बायकांचा क्लास ते सकाळी जुन्या तालमीच्या हॉलमध्ये घ्यायचे. माणसाचं अंग त्यांना चित्रासारखंच दिसायचं. टाचेपासून टाळूपर्यंत एक रेघ जाते, ती मोडता कामा नये, एवढंच त्यांचं योगशास्त्र. बायकांना ते हात लावत नसत. शाळेतली लाकडी पट्टी त्यांनी सोबत आणली होती. तिचं टोक खांद्याच्या हाडावर, गुडघ्यावर, मणक्यावर नेमकं टेकवायचं आणि "इथून" म्हणायचं. लागायचं अजिबात नाही, पण जिथं पट्टी टेकायची तिथली अढी सुटायची. क्लास संपला की बायका एकमेकींना सांगायच्या, आज मला दोनदा टेकवली, मला तर कमरेत टेकवली. देवळातून प्रसाद घेऊन निघाल्यासारख्या खूश असायच्या.

मला ती पट्टी एकदाही मिळाली नव्हती.

मी अंगानं भरलेली होते. भरलेली हा आईचा शब्द, तोही पाहुण्यांसमोरचा. घरात ती जे शब्द वापरायची ते इथं नको. लग्नाच्या आधी थोडी उतरेन म्हणून तिनंच मला या क्लासला घातलं होतं. मी उतरले नाही. पण झालं असं, की मला क्लास आवडायला लागला. तोवर माझं अंग म्हणजे लोकांनी बघायची गोष्ट होती, आणि त्यांनी बघू नये म्हणून मी चोरून न्यायची गोष्ट. त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच ते काहीतरी करत होतं. एका पायावर उभं राहायचं असलं की डुलणाऱ्या बारीक बायकांमध्ये मी खांबासारखी उभी असायचे. सकाळच्या त्या तासासाठी मी उरलेला दिवस काढत होते म्हटलं तरी चालेल.

फक्त सर मला शिकवत का नाहीत, ते कळत नव्हतं.

त्या दिवशी सतरंज्या गुंडाळताना ज्योत्स्नानं विचारलंच. ती बँकेत होती आणि तिला मनात काही ठेवता येत नसे.

"तुला का गं नाही टेकवत?"

"मला काय माहीत. त्यांना विचार."

"एक तर तुझं सगळं बरोबर असणार, नाहीतर सगळंच चुकीचं." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून ती हसली. "तू चुकीच्या काळात आलीस बघ. इथं तालीम होती ना, तेव्हा तुला दूध-बदामाचा खुराक सुरू झाला असता."

मीही हसले. दुसऱ्यानं हसायच्या आत आपण हसायचं, ही माझी जुनी सवय. पण घरी जाताना डोक्यात तेच घोळत होतं. सगळं बरोबर की सगळं चुकीचं? सगळं बरोबर असतं तर सर एकदा तरी "छान" म्हणाले असते. सगळं चुकीचं असतं तर "जमत नाही, सोड" म्हणायला काय हरकत होती? ते नुसते उभे राहून बघत. त्या बघण्याचा मला अर्थ लागत नव्हता.

त्यातून त्यांनी मधेच एकदा मला क्लासनंतर थांबवलं होतं.

"शैला, घरात खाली टाचणी पडली तर तू कशी उचलतेस?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "टाचणी?"

"हो. वाकून उचलतेस की बसून?"

"बसून."

"बसताना आधी कुठला हात टेकतेस?"

"उजवा. बहुतेक."

"बहुतेक नको. आज बघ आणि उद्या सांग." एवढं बोलताना त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं. लगेच पाठ फिरवून ते खिडक्या लावायला लागले.

मला फार अपमान वाटला. तरीपण घरी जाऊन मी टाचणी टाकली आणि उचलून बघितली. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "डावा हात, सर." त्यांनी मान हलवली आणि ते सतरंज्या मोजायला लागले. या माणसाला माझ्या टाचणीशी काय करायचं होतं, देव जाणे.

नवरात्राच्या तोंडावर कोरेगावचं स्थळ सांगून आलं. मुलगी थोडी कमी होईल का, असं त्यांनी मध्यस्थाकडून आधीच विचारून घेतलं होतं.

"दसऱ्यानंतर सकाळच्या यष्टीनं येतो म्हणत्यात," आई भाकरी थापत म्हणाली. "आता मी काय सांगू त्यास्नी? वरीस झालं, हुतीस तशीच हायस."

"आई, योगासनं काय त्यासाठीच नसतात."

"मग कशासाठी असत्यात? पहाटे उठून तालमीचा केर काढायला?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मी उद्या येणार तुज्यासंगं. गुरुजींनाच विचारते. गुण येणार नसंल तर बंद. त्यापरीस नदीकडनं फिरून येत जा."

 आईनं एकदा बंद म्हटलं की बंद. घरात तिच्यापुढं वडिलांचंही चालायचं नाही. क्लास वाचवायचा तर एकच मार्ग होता. सरांनी हो म्हणायला हवं होतं. मास्तर माणसाच्या शब्दाला आई मान देत असे. आणि वर्षभर ज्यांनी मला साधी पट्टी टेकवली नव्हती, ते माझ्या बाजूनं काय बोलणार होते?

दुसऱ्या दिवशी आई डोक्यावर पदर घेऊन हॉलच्या दाराशी बाकड्यावर बसली. सगळी आसनं तिनं टक लावून बघितली. क्लास संपल्यावर ती सरळ सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, खरं सांगा. राग न्हाई येणार. हिला याचा काय उपेग होईल का?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या पट्टीकडे बघितलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा, नुसतं हो म्हणा.

"मला अजून कळलेलं नाही," सर म्हणाले.

"आवो, वरीस झालं की."

"हो. वर्ष झालं." "ताई, मला आठ दिवस द्या. मग सांगतो."

घरी जाताना आईच्या तोंडाचा पट्टा थांबेना. असला कसला मास्तर, आईनं पोरीबद्दल इचारलं तर म्हणतो कळलं न्हाई, डॉक्टर आसं बोलला तर माणूस दवाखाना बदलतंय.  तिचं बोलणं मला पटत होतं, तेच तर वाईट होतं. नाही म्हणाले नाहीत याचा आनंद मानावा, की हो म्हणाले नाहीत याचं दुःख, ते ठरेना. आणि आठ दिवसांत सर काय करणार होते? माझ्यात आठ दिवसांत काय बदलणार होतं?

हॉलची किल्ली आम्ही बायका आठवडा-आठवडा वाटून घ्यायचो. जिची पाळी, तिनं आधी येऊन हॉल उघडायचा, झाडायचा, आणि आठवडा सरला की किल्ली सरांच्या घरी नेऊन द्यायची. त्या आठवड्यात पाळी माझी होती. शनिवारी संध्याकाळी मी किल्ली घेऊन सोमवार पेठेत सरांच्या घरी गेले. त्यांचं घर तळमजल्यावर, रस्त्याला लागून. दार अर्धवट उघडं होतं. मी हाक मारणार एवढ्यात आतून काकूंचं हसणं ऐकू आलं. सरांच्या बायकोला आम्ही सगळ्या काकू म्हणायचो. एरवी त्या हळू बोलणाऱ्या, पण त्या वेळी त्यांना श्वास घेता येत नव्हता इतक्या हसत होत्या.

मी फटीतून बघितलं.

सर खाली सतरंजीवर पाय लांब करून बसले होते. अंगात बनियन. आणि पोटावर कापसाची भलीमोठी उशी, काकूंच्या जुन्या साडीनं पाठीमागून गच्च आवळून बांधलेली. तो काडीसारखा माणूस, त्याच्या पुढं हे एवढं पोट. सर वाकायला बघत होते आणि उशी मधे येत होती.

"अहो, नुसतं पोट बांधून काय होतंय?" काकू डोळे पुसत म्हणाल्या. "हं, बसा आता शैलासारखे."

माझं नाव ऐकलं आणि माझे कान गरम झाले. किल्ली मी दाराच्या कडीत अडकवली आणि आले त्या वाटेनं परत निघाले. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं का, मला आठवत नाही.

लोकांनी माझी नक्कल करणं मला नवीन नव्हतं. शाळेत पोटाला दप्तर बांधून माझ्यासारखं चालून दाखवणारी मुलं होती. लग्नाकार्यात गाल फुगवून दाखवणारे मामेभाऊ होते. पण सर? रात्री अंथरुणावर पडले तरी ते चित्र डोळ्यांपुढून हलेना. आणि त्यात काहीतरी बसत नव्हतं. काकू हसत होत्या, ते मी नीट ऐकलं होतं. सर मात्र हसत नव्हते. नक्कल करणारा माणूस समोरचा हसला की खुलतो, आणखी करून दाखवतो. सरांच्या कपाळाला आठ्या होत्या. तो चेहरा मी रोज बघत होते, माझ्या सतरंजीच्या कडेशी उभा असलेला. मग हे होतं तरी काय? मला रडू येत होतं आणि कशाचं येतंय तेही धड कळत नव्हतं.

सोमवारी मी क्लासला गेले नाही. मंगळवारीही नाही.

"का गं? जायाचं न्हाई?" आईनं विचारलं.

"नाही. मला नकोय तो क्लास."

मला वाटलं ती म्हणेल, बरं झालं, सुटली पीडा. पण ती हातातली परात खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"कुणी काय बोललं?"

"कुणी काही बोललं नाही."

"शैले, त्या क्लासपायी तू माज्याशी भांडलीस. आता आपल्या आपण सोडतीस? बोल, काय झालं?"

मग मी सांगितलं. उशी, साडी, काकूंचं हसणं, माझं नाव, सगळं.  आई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला. जी बाई मला सकाळ-संध्याकाळ अंगावरून बोलायची, तिच्या डोळ्यांत मी तेव्हा जाळ बघितला.

"चल," ती म्हणाली.

"कुठं?"

"त्या मास्तराच्या घरी. चप्पल घाल."

"आई, नको. खरंच नको."

"मी तुला बोलंन न्हाईतर काय बी करंन, मी आई हाय. त्यो कोण लागून गेलाय?"

आम्ही घराबाहेर पडलो तर ज्योत्स्नाच समोरून येत होती. बँकेत निघालेली दिसत होती. "बरं झालं भेटलीस," ती म्हणाली. "कुठं आहेस दोन दिवस? सरांची कंबर धरलीय. कालपासून क्लास बंद आहे. त्यांना काही उठता येत नाही म्हणे. इतकी वर्षं आसनं करणाऱ्या माणसाची कंबर कशी काय धरते गं?"

मी आईकडे बघितलं. आईनं माझा दंड धरला आणि आम्ही चालू लागलो.

दार काकूंनीच उघडलं. सर आतल्या खोलीत उंच पाठीच्या खुर्चीत ताठ बसले होते, पाठीशी गरम पाण्याची पिशवी. आम्हाला बघून ते उठायला गेले आणि कळवळून परत बसले.

"बसा ना," काकू म्हणाल्या.

"बसायला न्हाई आले," आई म्हणाली. "गुरुजी, तुमच्याकडं मी पोरगी ईश्वासानं धाडली. जाड हाय, ते मला बी दिसतंय. म्हणून तिची सोंगं करायची? पोटाला उशी बांधून? आणि बायकूला हसवायचं?"

सर बघतच राहिले. काकूंनी तोंडावर हात नेला.

"शैला, तू आली होतीस?" त्यांनी मला विचारलं. "तरीच किल्ली कडीला."

मी खाली बघत होते.

"अहो बाई, हसले मी," काकू म्हणाल्या. "पण ह्यांच्याकडं बघून हसले. लग्न झाल्यापासून ह्या माणसाच्या अंगावर मी मूठभर मांस बघितलं नाही, आणि एकदम बघते तर दिवस गेल्यासारखा दिसतोय. हसू नको तर काय करू? तुम्ही आलात त्या दिवसापासून हेच चाललंय. आधी बारकी उशी, मग मोठी उशी. त्यातच कंबर गेली."

"पण कशासाठी?" हे मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

सरांनी टेबलावरची पट्टी उचलली, हातात फिरवली.

"माझी पट्टी हाडावर पडते, शैला," ते म्हणाले. "खांद्याचं हाड, गुडघा, मणका. हाड दिसलं की रेघ दिसते, आणि रेघ दिसली की कुठं मोडली ते दिसतं. तुझं हाड मला दिसत नाही. रोज बघतो, दिसत नाही. अंदाजानं कुठंतरी टेकवली असती तर तुला बरं वाटलं असतं, मला ठाऊक आहे. पण ते शिकवणं नव्हे. मग नुसता बघत राहिलो. तुझ्या आईनं विचारलं, हिला उपयोग होईल का. मी काय सांगणार? वर्षभर मी तुला काही शिकवलेलंच नाही."

 माझ्या दंडावरची आईची पकड सैल झाली.

"म्हणून म्हटलं, बांधून बघू," सर म्हणाले. "बांधली, पाय जुळवले, वाकलो. श्वासच अडकला. दोन घटका काही सुचेना. आणि तू वर्षभर वाकते आहेस. तुझा श्वास मी ऐकलाय, सरळ चालतो. कसा चालतो, ते मला समजत नाही."

"मग मला विचारायचं होतं ना, सर."

"कसं विचारू? मुलीला तिच्या पोटाबद्दल?" सर खरंच लाजले. "टाचणी कशी उचलतेस एवढं विचारलं, त्यातच मला घाम फुटला."

काकू पुन्हा हसायला लागल्या होत्या, पण तोंड फिरवून. आईची नजर कोपऱ्यातल्या उशीकडे गेली.

"ही उशी?"

"हीच."

"कशी बांधली हुती?"

काकूंनी उशी उचलून स्वतःच्या पोटाशी धरून दाखवली, छातीच्या खालोखाल. आईनं एकदा उशीकडे बघितलं, एकदा सरांकडे.

"गुरुजी, पोट आसं गळ्याशी नसतंय," ती म्हणाली. तीन बाळंतपणं झालेल्या बाईच्या अधिकारानं तिनं उशी काकूंच्या हातात खाली सरकवली. "हितं असतंय. मांडीवर येतंय बसल्यावर. तुमची कंबर मोडायचीच की."

"असं होय," सर म्हणाले आणि त्यांनी गंभीरपणे मान हलवली, टाचणीच्या वेळी हलवली होती तशीच.

मला हसू आलं. नेहमीचं, पुढच्याच्या आधी हसायचं हसू नव्हतं ते.

"शैला," सर म्हणाले, "बसून दाखवतेस?"

काकूंनी सतरंजी अंथरली. मी ओढणी कमरेला बांधली आणि पाय लांब करून बसले. मग वर्षभर लपवलेलं एकेक सांगत गेले. क्लासात हे सगळं मी चोरून करत होते, सरांची पाठ असताना, कारण मला ती लबाडी वाटायची.

"बसायच्या आधी सतरंजीची कड दुमडून खाली घेते, सर. मागून उंच होतं. पाय जुळवत नाही, कमीज वरून ओढून घेते म्हणजे दिसत नाही. आणि वाकायच्या आधी हातानं पोट असं उचलून पुढं सोडते, मधल्या जागेत. मग श्वास अडकत नाही."

"कुणी सांगितलं हे?"

"कुणी नाही. करता करता आलं."

सर खुर्चीतून पुढं झुकले. कंबर धरलेली होती, तरी झुकले. पट्टीचं टोक माझ्या पाठीमागं कुठंतरी हवेत थांबलं.

"आता सांग, कुठं टेकवू?"

"मणक्यावर."

"मणका मला दिसत नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप. तुझ्या आतून सांग. कुठं अडतंय?"

मी डोळे मिटले. असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. लोकांनी मला किती आहेस ते विचारलं होतं, काय खातेस ते विचारलं होतं. मी वाकले, श्वास सोडला आणि अडलेली जागा शोधायला लागले. "पाठीच्या मधोमध, सर. असं वाटतंय."

पट्टी टेकली. जिची मी वर्षभर वाट बघितली ती पट्टी अखेर माझ्या पाठीवर आली, आणि चुकीच्या जागी आली. तिथं काही अडलेलं नव्हतं.

मला क्षणभर वाटलं, गप्प बसावं. एवढं सगळं झालं आणि आता सरांना चूक म्हणायचं? पण अडलेली जागा मला स्पष्ट कळत होती.

"इथं नाही, सर. जरा खाली."

पट्टी सरकली. "इथं?"

"अजून जरा."

"इथं?"

"हो."

मी सगळा श्वास सोडला. कपाळ गुडघ्याला लागलं नाही, ते पुढंही कधी लागलं नाही. पण नेहमी घोट्यापाशी अडणारी माझी बोटं पुढं गेली आणि पायांचे अंगठे माझ्या हातात आले. स्वतःच्या पायाचा अंगठा असा धरल्याचं मला लहानपणानंतर आठवत नव्हतं. डोळ्यांतलं पाणी सतरंजीवर पडलं, पण ते बहुधा कुणाला दिसलं नाही.

"दिसली का हो रेघ?" काकूंनी विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "पण हिला ठाऊक आहे कुठं आहे ती. क्लास सुरू झाला की हिनं सांगायचं आणि मी टेकवायची."

चहा पिऊन आम्ही निघालो. आईनं उपयोगाचा विषय पुन्हा काढला नाही, आणि सरांनीही काढला नाही. पेठेतून येताना ती माझ्या पुढं चालत होती. पदर सारखा करायची, काही बोलायला मागं वळायची आणि परत चालायला लागायची. भाजी मंडईपाशी एकदाची थांबली.

"कोरेगावच्या लोकास्नी निरोप धाडाय पायजे," ती म्हणाली.

मी पटकन विचारलं, "काय निरोप?"

"सकाळच्या यष्टीनं येतो म्हणत्यात नव्हं ते." तिनं गाडीवरची मेथीची जुडी उचलून बघितली, परत ठेवली, दुसरी उचलली. "सकाळची पोरगी रिकामी नसती म्हणावं. यायचं आसलं तर दुपारचं या."

मी हो म्हटलं आणि पिशवी उघडून धरली.